मार्चातले पेव्हर ब्लॉक: सरकारी पैसा फिरतो कसा आणि जिरतो कुठे

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, गुलाबी रंग अजून भिंतींवरून पुरता उतरला नव्हता, तेवढ्यात एका सकाळी आमच्या गल्लीत ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन उभी राहिली आणि पेव्हर ब्लॉक उपटायला सुरुवात झाली. ब्लॉक चांगले शाबूत होते. दोनच वर्षांपूर्वी बसवलेले, एकही डुगडुगत नव्हता. कोपऱ्यावरचं ड्रेनेजचं झाकण मात्र दिवाळीपासून फुटलेलं, शेजारच्या मुलाची सायकल त्यात दोनदा अडकली. ते झाकण कामाच्या यादीत नव्हतं. कुठल्या खात्याचं काम, किती रकमेचं, असा बोर्डही कुठे नव्हता.

शेजारचे काका चहाचा कप घेऊन फाटकापाशी आले. काका ट्रेझरीतून निवृत्त झालेत, पस्तीस वर्षं बिलं पास करण्यात गेली.

"आज तारीख किती गं?"

"सव्वीस."

"मग बरोबर आहे. पाच दिवस उरलेत."

मी तावातावाने म्हटलं की हा आमच्या टॅक्सचा पैसा आहे, कुणाकडे तरी तक्रार करायला हवी. काका म्हणाले, "कर की. पण आधी तिच्याकडे बघ." काम करणारं जोडपं झाबुआकडचं होतं. बाई डोक्यावरून आठ-आठ ब्लॉक नेत होती आणि तिचं पोर आमच्या ओट्यावर बिस्किट खात बसलेलं. संध्याकाळी त्या दोघांच्या मजुरीतून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे आटा, तेल, मिरची आणि पोरासाठी आणखी एक पुडा गेला. म्हणजे माझ्या टॅक्सचा पैसा वाया गेला हे खरं, आणि त्याच पैशावर त्या घरची चूल पेटली हेही खरं.

सरकारी खर्चावरची भांडणं बहुतेक याच जागी अडकतात. एक म्हणतो, सरकारने हात आखडावा, उधळपट्टी चाललीय. दुसरा म्हणतो, मंदीत सरकारनेच खर्च करायला हवा, नाहीतर बाजार उठणार नाही. दोघंही वेगवेगळ्या वहीबद्दल बोलत असतात. एका वहीत लिहिलेलं असतं पैसा किती फिरला. दुसरीत, पैसा फिरून गेल्यावर मागे काय उरलं. आमच्या गल्लीची पहिली वही त्या दिवशी भरली. दुसरीचं पान कोरंच राहिलं.

एकाचा खर्च, दुसऱ्याची कमाई

आधी पहिली वही. २०२० च्या उन्हाळ्यातलं इंदूर आठवा. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात शुकशुकाट, खाण्याच्या छप्पन दुकानवर शटर, सकाळी पोहे-जलेबीचा ठेला नाही. ज्यांचे पगार चालू होते त्यांनीही खर्च थांबवला, कारण उद्याचा भरवसा नव्हता. घरापुरतं बघितलं तर हे शहाणपणाचंच. पण सगळ्या घरांनी एकाच महिन्यात हा शहाणपणा केला की पोहेवाल्याचं गिऱ्हाईक जातं. मग तो शेव कमी उचलतो, शेववाला बेसन कमी उचलतो, बेसनवाला हमालाला उद्या येऊ नको सांगतो. हमालाने आधीच हात आखडलेला असतो, आता त्याच्या हातात आखडायलाही काही उरत नाही. सगळ्यांनी बचत करायची ठरवली आणि शेवटी कित्येकांची कमाईच घटली.

घर आणि देश यांत फरक आहे तो इथे. माझ्या घराने खर्च कमी केला तर माझा पगार कमी होत नाही. देशाने केला तर होतो, कारण देशात एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई. म्हणून "घर जसं चालवतो तसा देश चालवावा" हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी मंदीत घात करतं. सगळे थांबलेले असताना खर्च करू शकेल असा एकच घटक उरतो, तो सरकार. त्याला कर्ज मिळतं, शिवाय उद्याही कर गोळा होणार याची खात्री असते.

आता हजार रुपयांचं उदाहरण घेऊ. सरकारने मजुराला हजार दिले. त्याने निम्मे खर्च केले, बाकीचे उधारी फेडण्यात, बचतीत, करात आणि बाहेरून येणाऱ्या मालावर गेले. किराणावाल्याकडे पाचशे आले, त्याने अडीचशे पुढे ढकलले, मग सव्वाशे. बेरीज करत गेलं तर हजारातून जवळपास दोन हजारांची उलाढाल झाली. याला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. गळती जितकी कमी तितका गुणक मोठा. लोक घाबरून पैसा दाबून बसले तर तो खाली येतो. उलट कामगार आणि यंत्रं रिकामी पडून असतील तर वर जातो, कारण सरकारी मागणीमुळे कुणा दुसऱ्याचं काम हिरावलं जात नाही.

सगळा खर्च सारखा फिरत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ साली भारतासाठी हिशेब मांडला होता. रस्ते, पूल, कालवे अशा भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आला, आणि थेट हातात दिलेल्या रकमांचा ०.९८. म्हणजे रस्त्यावरचा रुपया अडीच रुपयांच्या जवळ जातो आणि खात्यात टाकलेला रुपया जवळपास रुपयाच राहतो. हा आकडा नंतर सरकारी भाषणांत आणि लेखांत इतका फिरला की त्याची आरतीच व्हायची बाकी होती. सरासरीचा आकडा आहे, एवढं ध्यानात ठेवून वापरावा. २०२० मध्ये पायी गावी निघालेल्या माणसाला "तुझा गुणक एकपेक्षा कमी आहे" असं सांगून चाललं नसतं.

त्या वर्षी म्हणजे २०२०-२१ मध्ये देशाचं उत्पन्न ५.८ टक्क्यांनी घटलं. केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे उत्पन्न आणि खर्च यांतली कर्जाने भरलेली दरी, जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. गावांत मनरेगाखाली साडेसात कोटी कुटुंबांनी काम मागून घेतलं. पुढच्या वर्षांत केंद्राने जोर दिला तो बांधकामावर. २०१९-२० मध्ये केंद्राचा भांडवली खर्च ३.३६ लाख कोटी होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो ११.२१ लाख कोटी धरला गेला. राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज मिळू लागलं, मुख्य अट ही की ते भांडवली कामांवरच लावायचं. त्याच काळात तूट हळूहळू खाली आणत ४.४ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. चढताना धावणं आणि उतरताना पायऱ्या मोजणं, असा तो क्रम होता.

उतरताना पायऱ्या न मोजल्याचाही अनुभव आपल्याकडे आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर केंद्राने कर कमी केले, खर्च वाढवला, तूट अडीच टक्क्यांवरून सहाच्या आसपास गेली. ते त्या वेळी योग्यच होतं. पण बाजार सावरल्यावर हात वेळेत आखडला नाही, आणि पुढची काही वर्षं महागाईने लोकांचा जीव काढला. याउलट ग्रीस. तिथे २०१० नंतर मंदीच्या ऐन मध्यावर पगार, पेन्शन, खर्च सगळंच कापायला लावलं. अर्थव्यवस्था साधारण पावपट आक्रसली, आणि उत्पन्नाच्या मानाने कर्ज कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ही काटछाट सुचवणाऱ्यांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी होता. त्याच्याच मुख्य अर्थतज्ज्ञाने २०१३ मध्ये अभ्यास मांडून कबूल केलं की काटछाटीचा फटका त्यांच्या लोकांनी कमी धरला होता.

मंदीत खर्च करा हे सांगणारे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स. त्यांचं एक उदाहरण फार वापरलं जातं. बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणीत पुरा, वर कचरा टाका आणि लोकांना खणू द्या, तरी रोजगार वाढेल. हे ऐकवून काही मंडळी कुठल्याही उधळपट्टीला अर्थशास्त्राचा टिळा लावतात. १९३६ साली हे लिहिताना केन्सनी लगेच पुढे म्हटलं होतं की घरं वगैरे बांधणं अर्थातच जास्त शहाणपणाचं. ते पुढचं वाक्य कुणी सांगत नाही.

चोरी किती आणि ढिलाई किती

उधळपट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर येतो. चोर असतोच. २०२४ मध्ये इंदूरच्या नगर निगमात ड्रेनेजच्या कामांची कोट्यवधींची बनावट बिलं निघाल्याचं प्रकरण बाहेर आलं. कामं जमिनीवर झालीच नव्हती, फायली मात्र पूर्ण होत्या. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. राजीव गांधींचं १९८५ चं ते वाक्य तर सगळ्यांनाच पाठ आहे, दिल्लीतून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोचतात.

पण काकांचं म्हणणं वेगळं. "चोरी पकडली तर पेपरात येते. जे पकडायला कुणी येतच नाही ते फार मोठं असतं." मला ते सरकारी माणसाचं स्वतःच्या खात्याला सांभाळून घेणं वाटलं. पुढे कळलं की इटलीत यावर नेमका अभ्यास झालाय. तिथल्या सरकारी कार्यालयांनी अगदी साध्या वस्तू, कागद, खुर्च्या, संगणक, किती भावाने घेतल्या ते ताडून पाहिलं. त्याच वस्तूला एक कार्यालय दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मोजत होतं. त्या जादा पैशातला जेमतेम पाचवा हिस्सा कुणाच्या तरी खिशात गेला असावा असं निघालं. बाकी ऐंशी टक्क्यांहून जास्त असाच गेला. कुणी खाल्लाही नाही आणि कुणाच्या कामालाही आला नाही. स्वस्तात घ्यायची कुणाला गरजच नव्हती, किंवा नियम इतके किचकट होते की स्वस्तात घेणं जमलंच नाही. ही ढिलाई. चोरीसाठी पोलीस आहेत. ढिलाईवर कुठलं कलम लावणार?

आमच्या गल्लीतले ब्लॉक या दुसऱ्या जातीचे. कसे, ते काकांनी ओट्यावर बसून सांगितलं. सरकारी पैशाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या तारखेपर्यंत न वापरलेली तरतूद लॅप्स होते, म्हणजे परत जाते. नुसती परत गेली असती तर बिघडलं नसतं. पण पुढच्या वर्षीचा आकडा ठरवताना वरचा अधिकारी विचारतो, "गेल्या साली तर तुम्हाला एवढे लागले नव्हते?" आणि तरतूद कापतो. म्हणजे ज्याने पैसे वाचवले त्याला शिक्षा, ज्याने संपवले त्याला पुन्हा तेवढेच. त्यात वरून पैसा सुटतोच जानेवारी-फेब्रुवारीत. दोन महिन्यांत काय करता येतं? पाइपलाइन बदलायची तर सर्व्हे हवा, नकाशा हवा, तीन खात्यांच्या सह्या हव्यात. ब्लॉकला काहीच लागत नाही. अंदाजपत्रक तयार असतं, दर ठरलेले असतात, मोजमाप सोपं असतं. एमबीत, म्हणजे मापाच्या वहीत, लांबी गुणिले रुंदी लिहिली की बिल तयार. झाकण फुटकं राहतं ते याच कारणाने. एका झाकणासाठी टेंडर काढायला तेवढेच कागद लागतात जेवढे पन्नास गल्ल्यांच्या ब्लॉकला.

केंद्र सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. वर्षअखेरची खर्चाची झुंबड म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असं सरकारच्या वित्तीय नियमांतच लिहिलंय. अर्थ मंत्रालयाने केंद्रीय खात्यांवर बंधनंही घातलेली आहेत, शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांहून जास्त आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च नको. आणि हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय खरेदीचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या जवळजवळ पाचपट होता, आणि त्या आठवड्यात घेतलेले संगणक प्रकल्प दर्जालाही हलके निघाले. त्यांच्या न्याय खात्याला मात्र उरलेले पैसे पुढच्या वर्षात नेण्याची मुभा होती. तिथे ही घसरण दिसली नाही. माणसं तीच, देश तोच, फक्त तारखेची भीती काढली.

दुसरी ढिलाई उशिराची. सांख्यिकी मंत्रालय दीडशे कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांवर लक्ष ठेवतं. मार्च २०२४ च्या आढाव्यात १,८७३ प्रकल्प होते, त्यांतल्या ७७९ ना उशीर झालेला आणि ४४९ चा खर्च फुगलेला, मिळून पाच लाख कोटींहून जास्त. याची कारणं ऐकायला अगदी साधी असतात. जमीन ताब्यात यायच्या आधी वर्क ऑर्डर दिली, झाडं तोडायची परवानगी राहिली, विजेचे खांब हलवायचं बजेट धरलंच नाही. यातून कुणाच्या बंगल्याला नवा मजला चढला नाही. सिमेंटचा भाव वाढला, कर्जाचं व्याज चढलं, आणि ज्या पुलावरून लोक पाच वर्षं गेले असते ते गेले नाहीत.

तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच बोलत नाही. सरकार बिल उशिरा देतं. ठेकेदाराला पहिल्या दिवशीच माहीत असतं की पैसे निघायला वर्ष लागेल, म्हणून तो एका वर्षाचं व्याज टेंडरच्या भावातच घालतो. ज्याच्याकडे वर्षभर थांबायची ऐपत नाही तो चांगला कारागीर टेंडर भरतच नाही. उरतात ठरावीक चारजण. त्यांतही सगळ्यात कमी भाववाल्याला काम द्यायचा नियम. मग भाव पाडून काम घ्यायचं आणि माल पाडून भाव वसूल करायचा. काका म्हणाले, "स्वस्तातलं टेंडर सगळ्यात महाग पडतं, पण ते पुढच्या माणसाच्या काळात."

अशी ढिलाई एका झटक्यात कापून काढू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते २०२५ मध्ये अमेरिकेत दिसलं. सरकारी खर्च कापायची जबाबदारी घेतलेल्या उद्योगपती इलॉन मस्क यांनी आधी दोन ट्रिलियन डॉलर वाचवायची भाषा केली होती. माणसं काढली, कार्यालयं बंद केली, गाजावाजा झाला. ते आर्थिक वर्ष संपलं तेव्हा सरकारचा एकूण खर्च आदल्या वर्षापेक्षा जास्तच होता. मोठा खर्च पेन्शन, आरोग्य, संरक्षण आणि व्याजावर होतो, कारकुनांवर नाही. आपल्याकडेही २०२५-२६ च्या ५०.६५ लाख कोटींच्या केंद्रीय अर्थसंकल्पात १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज आहे. रुपयातले चार आणे जुन्या कर्जापोटी आधीच गेलेले.

दुसरी वही

त्या चार आण्यांमुळेच दुसरी वही महत्त्वाची. मंदीत कर्ज काढून खर्च केला, पैसा फिरला, बाजार उठला, छान. पण मंदी संपते आणि कर्ज उरतं. ते फेडायला पुढे कमाई वाढायला हवी, आणि ती वाढेल की नाही हे मागे काय उरलं त्यावर ठरतं.

इंदूरला याचं एक उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १८७० च्या सुमारास महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे आणायला इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. विंध्याचा घाट, पातालपाणीचा उतार, बोगदे, पूल. बांधताना हजारोंच्या हाताला काम मिळालं असणार, ती पहिली वही. पण त्या लोहमार्गावर माळव्याचा कापूस आणि अफू बाहेर गेली, पुढे इंदुरात गिरण्या उभ्या राहिल्या, आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या गाडीनेच इकडे आले. ही दुसरी.

मग बीआरटीएस. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटर, मधोमध बससाठी वेगळी लेन, २०१३ पासून आयबस. निम्मं शहर तिला शिव्या देत होतं, कारण मोटारींना जागा कमी. रोज हजारो विद्यार्थी आणि नोकरदार तिनेच जात होते, ते शिव्या देत नव्हते, पण त्यांचं ऐकू कमी आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढायची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचाही आदेश आला, आणि मग तोडायचं काम महिनोन् महिने रेंगाळलं. बांधणं चूक की तोडणं चूक यावर आमच्या घरातही दोन पक्ष आहेत. मी आयबसने जायची, तेव्हा माझा पक्ष उघड आहे. पण दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, एक खर्च नक्की वाया गेला.

गंमत अशी की जीडीपीत दोन्ही मोजले जातात. बांधणंही आणि तोडणंही. सरकारी सेवांची किंमत तर बहुतेक त्यावर झालेल्या खर्चावरूनच धरतात, कारण पोलीस चौकीचं किंवा तहसील कचेरीचं काम बाजारात विकलं जात नाही. दहा हजारांत होणाऱ्या कामावर पन्नास हजार घातले तर कागदावर सेवा पाचपट. म्हणून सरकारी खर्चाने वाढलेला विकासदर वाचला की मला आमचे ब्लॉक आठवतात.

उलट बाजूचीही उदाहरणं इथलीच आहेत. नर्मदेचं पाणी १९७८ पासून सत्तरेक किलोमीटर दूर जलूदहून पंपांनी चढवून आणतो आपण. नळाला पाणी येतं तेव्हा विजेचं मीटर तिकडे फिरत असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निगमने थेट लोकांकडून हरित रोख्यांवर २४४ कोटी मागितले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला, ८.२५ टक्के व्याजाने. अर्ज सातशे कोटींच्या वर आले. हे कर्जच आहे, पण ज्या बिलातून ते फेडायचं तेच बिल ते कमी करणार. काकांनी थोडे रोखे घेतले. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन. त्याआधी त्याच कचऱ्याचा तिथे डोंगर होता. मेट्रोचे पहिले सहा किलोमीटर मे २०२५ मध्ये सुरू झाले, सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या माळावरून. डबे रिकामे पळतात म्हणून लोक हसतात. मला एवढ्यात हसावंसं वाटत नाही. होळकरांची गाडीही पहिल्या वर्षी भरून गेली नसेल. पण मार्ग गावात शिरायलाच आणखी दहा वर्षं लागली तर तेव्हा हसू.

आणि बायकांच्या खात्यात थेट पैसे टाकणारी मध्य प्रदेश सरकारची लाडली बहना? २०२३ मध्ये महिना हजार रुपयांनी सुरू झाली, आता पंधराशे. सव्वा कोटीच्या आसपास बायका, म्हणजे दर महिन्याला अठराशे कोटींच्या पुढे. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंनी त्यातून मुलीचा क्लास लावला. गुणकाच्या तक्त्यात हा खर्च ०.९८ वाला, "फुकट वाटलेला". ती मुलगी उद्या नर्स झाली तर तो आकडा कुठे बसवायचा? दुसरीकडे, त्याच अठराशे कोटींसाठी राज्य कर्ज काढत असेल आणि शाळेत शिक्षकाची जागा रिकामी ठेवत असेल, तर मुलीला क्लास लावायची वेळच का आली, हाही प्रश्न आहे. इथे मला एका बाजूला ठामपणे उभं राहता येत नाही.

भांडवली खर्च चांगला आणि महसुली, म्हणजे पगार-देखभालीसारखा रोजचा, वाईट, हा सोपा पाठ म्हणूनच धोक्याचा. शिक्षकाचा पगार महसुली. नर्सचा महसुली. जुन्या पाइपची गळती काढणं महसुली. तोच पाइप सडू दिला आणि नवा टाकला की खर्च भांडवली, शिवाय नारळ फोडता येतो, फोटो येतो. दुरुस्तीचा फोटो कुणी काढत नाही. चांगले ब्लॉक उपटून नवे टाकणं भांडवली म्हणून लिहिता येतं आणि झाकण बदलणं देखभाल म्हणून. अहिल्याबाईंच्या दरबारात खासगी आणि दौलत असे दोन हिशेब वेगळे असत. देशभरच्या घाट-मंदिरांचा खर्च त्यांनी खासगीतून केला, राज्याच्या दौलतीला हात लावला नाही. नाव कशाचं आणि पैसा कुणाचा, हे तेव्हा तरी वहीवरून कळत होतं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारायला बाहेर आले तर गल्ली नवी कोरी, लाल-करड्या ब्लॉकची. लेव्हल दोन इंच वर आली होती, त्यामुळे ड्रेनेजचं फुटकं झाकण आता खड्ड्यात बसलेलं. काका वाकून उपटलेल्या जुन्या ब्लॉकांपैकी दोन त्याच्यावर नीट रचत होते, सायकल अडकू नये म्हणून.

मी विचारलं, "काका, हे कुठल्या हेडमध्ये टाकायचं?"

"देखभाल-दुरुस्ती," ते कंबर सरळ करत म्हणाले. "तरतूद शून्य. खर्च शून्य. बिल पास."